वाटेचे श्रम आणि मुक्कामाची कसोटी : वारीविषयक मराठी गद्याचा एक विचार

१

मराठीतील प्रवासवर्णनांची चर्चा करताना समीक्षकांचे लक्ष बहुधा प्रवाशाने काय पाहिले याकडे असते. तो तेथे कसा पोहोचला, या प्रश्नाकडे ते क्वचितच वळते. गंगाधर गाडगीळ यांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९) किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) या ग्रंथांच्या बाबतीत हे स्वाभाविकही आहे. जहाज आणि विमान ही प्रवाशाला वाहून नेणारी साधने होत. त्यांत होणारा त्रास हा गैरसोयीच्या जातीचा असतो आणि गैरसोय हा विनोदाचा विषय होऊ शकतो. परदेशाचे दर्शन हे या लेखनाचे प्रयोजन. वाट ही त्या प्रयोजनाची प्रस्तावना.

परंतु मराठी गद्यात याहून जुनी अशी एक दुसरी परंपरा आहे. तीत वाटेचे श्रम हाच मुख्य आशय असतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींचे चरित्र उलगडते ते गावोगावच्या भ्रमंतीतून. महानुभाव पंथात अटन हा आचारधर्मच मानला गेला. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे स्वरूप वेगळे असले, तरी श्रमांचे स्थान तेथेही तसेच मध्यवर्ती आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात १८५७ च्या धामधुमीची हकीगत आहे, म्हणून इतिहासाचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात. तथापि कर्जबाजारी घराला दक्षिणेचा आधार व्हावा म्हणून वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक शेवटी द्रव्याने रिकामा, पण गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन परत येतो आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या घाटाच्या दृष्टीने झाशीच्या वेढ्याइतकीच महत्त्वाची आहे. तेथे श्रम हा प्रवासाचा खर्च राहत नाही. श्रम हीच त्या प्रवासाची मिळकत ठरते.

या दुसऱ्या परंपरेचा आधुनिक काळातील विस्तार म्हणजे पंढरीच्या पायी वारीविषयीचे गद्य. त्यातील दोन कृती सर्वमान्य आहेत. एक, इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' हा निबंध. आणि दुसरी, दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक. दोन्ही कृतींचा उल्लेख समाजशास्त्राच्या चर्चेत वारंवार होतो. पहिलीचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आले आणि दुसरीचे फिलिप एंग्ब्लोम यांनी केलेले भाषांतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांचा वाचकवर्ग महाराष्ट्राबाहेरही पसरला. परंतु या प्रसिद्धीचा एक परिणाम असाही झाला की, दोन्ही कृती माहितीच्या खाणी म्हणून वाचल्या गेल्या. श्रमांविषयी त्या नेमके काय सांगतात, हा प्रश्न मागे राहिला. प्रस्तुत विवेचन त्या प्रश्नापुरते मर्यादित आहे.

२

वारीच्या श्रमांचे पहिले लक्षण असे की, ते स्वेच्छेने पत्करलेले आहेत. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचला. तेव्हापासून निदान तत्त्वतः तरी पायी चालणे ही अनिवार्य गोष्ट राहिली नाही. पुढे मोटारी आल्या, एस. टी. आली. तरीही पायी वारी ओसरली नाही. उलट चालणाऱ्यांची संख्या वाढत गेली. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, पंढरपूर गाठणे आणि वारी करणे या दोन गोष्टी वारकऱ्याच्या लेखी एक नाहीत.

या भेदाचा विलक्षण प्रत्यय अलीकडे आला. साथीच्या निर्बंधांमुळे २०२० मध्ये मानाच्या पालख्यांतील पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. १९२१ नव्हे, २०२१ मध्येही, म्हणजे लागोपाठ दुसऱ्या वर्षी, तसेच करावे लागले. पादुका पोहोचल्या, तिथी साधली, विधी पार पडले. परंतु वारी घडली, असे म्हणावयास फारसे कोणी धजावले नाही. गंतव्यस्थान जसेच्या तसे असूनही वाट वजा होताच मूळ वस्तूच नाहीशी झाली. धर्मकार्यासाठी केलेल्या इतर अनेक दीर्घ प्रवासांशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. धर्मप्रचारासाठी दुर्गम प्रदेशात जाणाऱ्या मिशनरी प्रवाशाच्या दृष्टीने वाट ही अडथळ्यांची मालिका असते. त्याचे कार्य पोहोचल्यानंतर सुरू होते. वारकऱ्याचे कार्य पोहोचल्यानंतर जवळजवळ संपलेले असते. 'द कल्ट ऑफ विठोबा' (१९६०) हा ग्रंथ लिहिणारे फ्रेंच जेझुइट गी देलरी हे स्वतः मिशनरी परंपरेतील असूनही पालखीबरोबर चालले, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. पंढरपुरात बसून त्यांना देवस्थान कळले असते. वारी कळली नसती.

येथपर्यंत फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. मतभेद पुढच्या पायरीवर सुरू होतो. श्रम स्वेच्छेचे आहेत, सर्वांचे आहेत, एकाच वाटेवरचे आहेत. म्हणून ते माणसामाणसांतील भेद पुसून टाकतात, असा निष्कर्ष वारीविषयीच्या सर्वसामान्य लेखनात इतक्या सहजपणे काढला जातो की, त्याला पुरावा हवा याचेही भान उरत नाही. चिखल सर्वांना सारखाच, ऊन सर्वांना सारखेच, तेव्हा माणसेही सारखीच, अशी ही तर्कपद्धती आहे. 'वाटचाल' आणि 'पालखी' या कृतींचे खरे मोल असे की, त्यांनी हा निष्कर्ष अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहिला आणि तो जसाच्या तसा स्वीकारला नाही.

३

'वाटचाल' या निबंधाची ख्याती त्यातील एका विधानावर उभी आहे. पंढरीला जाणाऱ्या लोकांचा प्रदेश तो महाराष्ट्र, अशा आशयाची व्याख्या इरावतीबाईंना त्या वाटेवर सापडली. ही व्याख्या इतक्या वेळा उद्धृत झाली आहे की, तिच्यामुळे उरलेला निबंध झाकला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. भाषणांतून आणि प्रास्ताविकांतून ती उचलली जाते तेव्हा तिला एक उत्सवी स्वर येतो. मूळ निबंधाचा स्वर उत्सवी नाही.

इरावतीबाई ज्या दिंडीबरोबर चालत होत्या तीत ब्राह्मण आणि मराठा अशा दोन्ही समाजांतील स्त्रिया होत्या. त्या एकत्र चालत, एकच अभंग गात, एकाच देवाचे नाव घेत. परंतु जेवणाची वेळ आली की त्यांची चूल वेगळी आणि पंगत वेगळी. लेखिका दोन्हीकडे जेवली. दोन्ही गटांतील स्त्रियांशी तिचे मैत्र जुळले, पण त्या दोन गटांना एका पंगतीत आणणे तिला साधले नाही. निबंधातील वेदना या ठिकाणी आहे. महाराष्ट्राची व्याख्या आणि ही दुभंगलेली पंगत या दोन गोष्टी एकाच लेखणीतून, एकाच वाटचालीतून आल्या आहेत. एक उचलावी आणि दुसरी सोडून द्यावी, हा त्या निबंधावर अन्याय होय.

रचनेच्या दृष्टीने पाहता निबंधातील भेदाचे दर्शन बहुतांशी थांबण्याच्या जागी होते. जोवर पाय चालत आहेत, टाळ वाजत आहेत, तोवर दिंडी हा एकच देह असतो. विसाव्यासाठी झाडाखाली बसले, शिदोरी सुटली, चूल पेटली, की त्या देहाचे अवयव वेगळे होऊ लागतात. श्रमांचा भार सर्वांनी सारखा वाहिला असे वाटत होते. विश्रांतीची वाटणी मात्र सारखी होत नाही. त्यातही एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दिवसभर चालून आलेल्या बाईचे काम मुक्कामावर संपत नाही. पुरुष टेकतो तेव्हा ती स्वयंपाकाला लागते. शिवाशिवीचे नियम पाळण्याचा भारही बहुतांशी तिच्याच चुलीवर असतो. म्हणजे 'वाटचाल'मध्ये जातीचा प्रश्न आणि स्त्रियांच्या श्रमांचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ते एकाच चुलीपाशी भेटतात.

निबंधाच्या काळाकडेही दृष्टी टाकावयास हवी. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात केलेल्या उपोषणानंतर पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुले झाले. 'परिपूर्ती' त्यानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. मंदिराच्या दाराचा प्रश्न सुटला म्हणून वाटेवरच्या पंगतीचा प्रश्न आपोआप सुटत नाही, ही जाणीव देणारे लेखन त्या घटनेच्या इतक्या जवळ ग्रंथरूपाने यावे, याला वाङ्मयेतिहासात स्वतंत्र महत्त्व आहे. गंतव्यस्थानाची समता ही घोषणेने आणता येते. मुक्कामाची समता रोज संध्याकाळी नव्याने आणावी लागते.

४

मोकाशी यांचे 'पालखी' हे निबंध नव्हे, सलग पुस्तक आहे, आणि त्याची पद्धती वेगळी आहे. कर्वे यांच्यापाशी समाजशास्त्रज्ञाची दृष्टी होती. मोकाशी हे कथाकार-कादंबरीकार. श्रद्धेच्या बळावर निघालेले वारकरी नव्हेत. इतकी माणसे इतके श्रम का घेतात, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे आणि तो ते वाटेवर भेटेल त्याला निरनिराळ्या तऱ्हेने विचारीत जातात.

या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, प्रश्न विचारणाऱ्याचे शरीर त्याच्या प्रश्नाच्या आड येत राहते. पाऊस, चिखल, गर्दी आणि दुखणारे पाय यांमुळे निरीक्षकाचे निर्विकार अंतर टिकत नाही. आरंभी जो प्रश्न बौद्धिक कुतूहलाचा होता, तो पुढे पुढे स्वतःलाही विचारावा असा होतो. तथापि मोकाशींचा प्रामाणिकपणा असा की, थकव्यामुळे आलेल्या या जवळिकीला त्यांनी साक्षात्काराचे रूप दिले नाही. लेखक शेवटपर्यंत बराचसा बाहेरचाच राहतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्याचे श्रम आणि एकदाच चालणाऱ्याचे श्रम यांची जात भिन्न आहे, हे पुस्तकाच्या घडणीतूनच प्रतीत होते. एकदा चालणाऱ्याला थकवा ही बातमी असते. दरसाल चालणाऱ्याला ती सवय असते आणि सवयीला शब्द लागत नाहीत. वारीचे गद्य जवळजवळ सर्वस्वी पहिल्या प्रकारच्या माणसाने लिहिले आहे, ही त्याची मर्यादा मोकाशींच्या पुस्तकात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही.

व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रेतील समभावाची उपपत्ती मांडताना पंढरीच्या वारीचाही विचार केला आहे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात देलरी आणि कर्वे यांच्या लेखनाचा आधार घेतलेला आहे. यात्रेकरू रोजच्या समाजरचनेतून काही काळ बाहेर पडतो आणि इतरांशी भेदरहित नाते अनुभवतो, ही ती उपपत्ती. परंतु 'वाटचाल'मधील दोन पंगती या उपपत्तीच्या पूर्णतेला बाध आणतात आणि यात्रेत समाजरचना सौम्य होते, नाहीशी होत नाही, एवढे टर्नर यांनाही मान्य करावे लागते. येथे मराठी लेखन हे परकीय उपपत्तीचे उदाहरण होऊन राहत नाही. ते तिची दुरुस्ती करते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेषकरून ध्यानात ठेवावी अशी आहे. कारण पुष्कळदा उलट घडते: उपपत्ती आधी घेतली जाते आणि मराठी कृती तिच्या मापात बसविली जाते.

स्वतः वारीच्या परंपरेलाही मुक्कामाचे हे महत्त्व ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावताच हजारो टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते आणि मग तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते. चालताना दबलेला विसंवाद बोलून दाखविण्याची जागा परंपरेने मुक्कामावरच ठेवली आहे. वाट ही ऐक्याची, तर तळ हा गाऱ्हाण्याचा. समीक्षकांनी जे पाहिले नाही ते चोपदारांनी पाहिले होते.

५

आता या गद्याच्या एका उणिवेकडे वळावयाचे आहे. कर्वे आणि मोकाशी हे दोघेही ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालले. साहजिकच वारीच्या गद्यातील भूगोल हा दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असा बनला. परंतु पंढरीच्या वाटा अनेक आहेत. ज्ञानेश्वरांची पालखी सासवडला मुक्कामी असतानाच तेथून त्यांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची पालखी निघते. ती जेजुरी-फलटणच्या वाटेने न जाता नीरेच्या उत्तरेकडील गावांतून पांगारे, मांडकी, निंबूत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे बुद्रुक, बारामती अशी जाते; पुढे लासुर्णे, निरवांगी, अकलूज करीत ती पंढरीच्या जवळ येते आणि वेळापूरच्या पुढे दोन्ही भावांच्या पालख्यांची भेट होते. या वाटेवर चालणाऱ्यांचे श्रम कमी नाहीत. मराठी गद्यात मात्र तिला 'वाटचाल' किंवा 'पालखी' यांच्या तोडीची कृती लाभलेली नाही.

यांतील कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव विचारार्थ घेतले असता वरील विवेचनाला एक नवी बाजू मिळते. बारामती-नीरा रस्त्यावरचे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या टापूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या कालव्याचे पाणी आले आणि अवर्षणाच्या प्रदेशाला लागून बागाइतीचा पट्टा तयार झाला. ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. अशा गावाच्या दृष्टीने वारी ही पंधरवड्याची यात्रा नव्हे. ती एका संध्याकाळची आणि एका सकाळची घटना आहे. चालणाऱ्याला गाव हा मुक्काम असतो. गावाला चालणारा हा पाहुणा असतो. पाणी, जेवण, निवाऱ्याची जागा, दुखऱ्या पायांना तेल या गोष्टी गावाकडून येतात. म्हणजे वाटेच्या श्रमांचा दुसरा अर्धा भाग गावात घडतो. मराठी गद्याने चालणाऱ्याच्या डोळ्यांनी गाव पाहिले. गावाच्या डोळ्यांनी चालणारा क्वचितच पाहिला.

आणि हे गाव केवळ आषाढातच थकलेली माणसे पाहत नाही. पाऊस संपून गळिताचा हंगाम आला की याच पट्ट्यात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड मजूर येतात. बायकामुले, भांडीकुंडी, जनावरे यांसह त्यांनी केलेला प्रवासही लांबचा आणि कष्टाचाच असतो. तेही मुक्काम करतात. त्यांच्या कोप्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या आसपास पडतात. एकाच परिसरात वर्षातून दोनदा दूरची माणसे शिणून येतात. एकदा त्यांचे पाय धुतले जातात. दुसऱ्यांदा त्यांची कोयते मोजले जातात. पहिल्या श्रमांना पुण्य म्हणतात आणि दुसऱ्यांना मजुरी. यातील पहिले स्वेच्छेचे आणि दुसरे पोटासाठीचे, हा भेद खरा आहे, आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु श्रम माणसाला माणसाजवळ आणतात, हा सिद्धान्त जर खरा असेल, तर तो आषाढापुरता खरा आणि मार्गशीर्षात खोटा असू शकत नाही. श्रमांतून आपोआप समभाव निर्माण होत नाही. त्या श्रमांना कोणत्या नजरेने सामोरे गेले जाते यावर तो अवलंबून असतो. ही गोष्ट कोऱ्हाळ्यासारख्या गावाच्या बाजूने पाहिल्यावाचून नीट कळत नाही.

येथे असा आक्षेप संभवतो की, एखाद्या कृतीत जे नाही त्याची मागणी करणे हे समीक्षेचे काम नव्हे. 'वाटचाल' आणि 'पालखी' या कृतींच्या बाबतीत हा आक्षेप योग्यच आहे. त्यांच्या कक्षेत त्या परिपूर्ण आहेत. परंतु एका वाङ्मयप्रकाराचा विचार करताना त्याने कोणती जागा रिकामी ठेवली हे सांगणे समीक्षेला भाग आहे. वारीचे गद्य पुढे लिहिले जाईल. आळंदी आणि देहू येथून पंढरपुरास जाणाऱ्या पालखीमार्गांच्या महामार्गात रूपांतराच्या कामाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. वाट बदलेल, श्रमांचे स्वरूप बदलेल, चित्रीकरण तर आताच विपुल झाले आहे. रिंगणाच्या वेगाची आणि पताकांच्या समुद्राची वर्णने त्यामुळे अधिकाधिक सोपी होत जाणार. अशा लेखनाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

कर्वे आणि मोकाशी यांच्या कृतींतून ती कसोटी मिळते. वाटेवरच्या ऐक्याचे वर्णन कोणीही करू शकतो, कारण ते डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. टाळ थांबल्यानंतर, चुली पेटल्यानंतर, कोण कोठे बसले, कोणी वाढले, कोणाला शेवटी जेवण मिळाले आणि कोण उपाशी न राहताही वेगळा राहिला, हे पाहण्यासाठी लेखकाला थकलेल्या शरीरानेही जागे राहावे लागते. इरावतीबाई तशा जाग्या राहिल्या, म्हणून त्यांच्या व्याख्येला अर्थ आहे. सोपानदेवांच्या पालखीच्या वाटेवरील गावांविषयी उद्या कोणी लिहील, तर त्याने कोऱ्हाळ्यात किती माणसे आली हे सांगण्याआधी ती कोठे निजली हे सांगावे.